जाईबाईची सात भोकांची डबी

मी मिश्रीची डबी बोलतेय. खरं म्हणजे माझ्यात आता मिश्री नाही, मीठ आहे, आणि माझ्या झाकणाला सात भोकं आहेत. एका बाईच्या कनवटीला चौदा वर्षं तोंड घट्ट मिटून बसलेल्या डबीला एकदम सात तोंडं फुटली, तर ती गप्प कशी बसेल? तेव्हा माझी बडबड आता ऐकून घ्याच.

मिश्री काय असते हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, फडक्यातून गाळायची आणि ती पूड बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची. चोळून झाली की तोंडात धरून निवांत बसायचं. ज्यांना हे सगळं आधीच ठाऊक आहे, त्यांच्या तोंडाला एव्हाना पाणी सुटलं असेल. मी कुणाला सांगणार नाही.

माझा जन्म १९६४ सालचा, पिंपरीच्या एका कारखान्यातला. किसन नावाचा टर्नर तिथे लेथवर, धातू फिरवून सोलायच्या यंत्रावर, कामाला होता. खटावाकडचा माणूस, बोलणं कमी, माप पक्कं. लग्न होऊन महिना झाला होता आणि जाईबाई नुकतीच गावाहून भोसरीच्या भाड्याच्या खोलीत राहायला आली होती. येताना तिने मिश्री आणली ती कागदाच्या पुडीत. पुडी ओल धरायची, मिश्रीचा गोळा व्हायचा आणि नव्या नवरीचं तोंड सकाळी सकाळीच उतरायचं. किसनने हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी फोरमनच्या, म्हणजे मालोजीभाऊंच्या टेबलापुढे तो स्टेनलेसच्या सळईचं एक थोटूक हातात घेऊन उभा राहिला.

"मालोजीभाऊ, ह्यो तुकडा घेऊ का?"

"घे की, भंगारातच जायचाय. काय करतोस त्येचं?"

"घरच्यासाठी डबी करतो. मिश्रीला."

"नव्या नवरीला लोक गजरा नेत्यात, राव!"

"गजरा दुसऱ्या दिशी वाळतो," किसन म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत, तीन दिवस लागून, त्याने मला घडवलं. मला पोखरलं, झाकणाला आटे पाडले, घासलं, चकचकीत केलं. वर केसाची जाडी मोजायचा मायक्रोमीटर मला लावून बघितला. मिश्रीच्या डबीला मायक्रोमीटर! विमानात बसवायची असल्यासारखी त्याने माझी तपासणी केली. पण त्यामुळे माझं झाकण असं बसलं की आत हवा शिरायची सोय नाही. तीन आट्यांत बंद व्हायचं आणि उघडताना 'टप्' असा आवाज यायचा. त्या आवाजाचा मला फार तोरा होता.

जाईबाईने मला पहिल्यांदा उघडलं तेव्हाही 'टप्' झालं. तिने पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं.

"झाक झालीया की!" ती म्हणाली आणि खळखळून हसली. तेव्हा मी तिचे दात पाहिले. भरलेल्या कणसासारखे, एकाला एक लागून, पांढरे. आठवलं की अजून बरं वाटतं आणि वाईटही वाटतं.

मग संसार वाढला. मूलबाळ झालं नाही, पण जाईबाईने खाणावळ घातली आणि एकदम अकरा पोरं पदरात पडली. सगळी दाढीमिशीवाली, वर्कशॉपात काम करणारी, भुकेली. पहिल्या शिफ्टचे डबे पहाटेच तयार लागायचे. जाईबाई चुलीपुढे बसण्याआधी मला उघडायची. डबे गेल्यावर पुन्हा. दुपारी भांडी झाल्यावर, संध्याकाळी भाकरीला बसण्याआधी आणि निजताना. मोजून पाच वेळा. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून त्या दिवशी मिश्री भाजायचा बेत. तव्यावरून असा ठसका उठायचा की अकराही जण शिंकत अंगणात यायचे. जाईबाई मात्र तव्यापुढे ढिम्म. एक शिंक नाही.

पौर्णिमेला ती विहारात जायची. वंदना झाली की बायका पडवीत बसायच्या आणि "जाई, काढ की तुजी ती कंपनीची डबी" असा पुकारा व्हायचा. मग मी हातोहाती फिरायचे. एकेक बोट आत यायचं आणि बाहेर जायचं. सासवांच्या, सुनांच्या, शेजारणींच्या किती गोष्टी मी त्या पडवीत ऐकल्या! त्या सगळ्या पोटात ठेवल्या. पोटात जागा होती आणि तोंड बंद होतं.

आता जरा लाजिरवाणं सांगते. कितीतरी वर्षांनी केव्हातरी जाईबाईच्या चुळीत रक्त दिसायला लागलं. मग हिरड्या सुजल्या, मग मागे सरकल्या. दात लांब दिसू लागले आणि हलू लागले. दुखलं की ती मला उघडायची. चोळलं की दुखणं थांबायचं. थांबायचं म्हणजे बधिर व्हायचं, पण हा फरक मला कळत नव्हता. मला वाटायचं, मी औषध आहे. अशी गोड समजूत करून घ्यायला माणसंच लागतात असं नाही, डबीलाही ते जमतं.

तोंडाला वास यायचा. किसन नाक वाकडं करायचा आणि वास मोरीचा समजून मोरी धुवायचा. बिचारी मोरी! अकरा जणांना खुसखुशीत भाकरी वाढणारी बाई स्वतः आमटीत भाकरी भिजवून, लगदा करून गिळायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वय झालं आता." वय होतं बत्तीस-तेहतीस.

१९७८ सालच्या उन्हाळ्यात पायाचं प्रकरण झालं. लेथवर पोलाद सोलताना कुरळी, धारदार साल निघते. तिचा एक तुकडा किसनच्या बुटाच्या तळात अडकून घरी आला आणि जमिनीवर पडला. एका परीने माझंच भावंड ते. जाईबाईचा उजवा पाय त्यावर पडला, करंगळीच्या खाली. तिला कळलंसुद्धा नाही. भाकरी थापताना खंडू नावाचा खाणावळीतला फिटर ओरडला, "मावशी, पाट रक्तानं भरलाय!" तेव्हा तिने खाली पाहिलं.

जखम भरेना. पंधरा दिवस हळद झाली, मग कामगारांच्या दवाखान्यात गेली. तिथे कळलं की रक्तात साखर आहे, आणि थोडीथोडकी नाही; तिनेच पाय बधिर केला होता. डॉक्टरांनी कागद पुढे ओढून नेहमीचे प्रश्न विचारले. किसन शेजारी उभा होता, मी कनवटीला.

"तंबाखू खाता?"

"छ्या! तसल्या घरातली न्हाई मी," जाईबाई म्हणाली. किसननेही मान हलवली. "न्हाई सायेब. कसलंच यसन न्हाई."

"दात घासता का रोज?"

"व्हय तर! दिसातनं पाच येळा."

डॉक्टरांनी पेन थांबवून वर पाहिलं. "पाच? वा! ऐकलंत का सगळ्यांनी? शिका यांच्याकडून."

बाकावर बसलेल्या सगळ्यांनी जाईबाईकडे आदराने पाहिलं. ती पदर सावरून ताठ बसली. आणि खरं सांगते, दोघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नव्हतं. त्यांच्या गावी तंबाखू म्हणजे पुरुषांनी चुना लावून खायची ती. मिश्री म्हणजे दात घासणं. मीही आत फुगून बसले होते, शाबासकी निम्मी तरी माझी होती. डॉक्टरांनी कागदावर 'दात चांगले' असं काहीतरी लिहिलं असावं, कारण त्यानंतर तीन महिने तिच्या तोंडात कुणी डोकावलं नाही.

तीन महिने इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. चहा बिनसाखरेचा झाला. किसन घरी काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचा. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर ठीक, विटकरी झालं तर वाईट. तो रोज नळी उजेडात धरून बघायचा आणि रोज विटकरी. "कुटंतरी माप चुकतंय," एवढंच म्हणायचा. करंगळी काळी पडली आणि काढावी लागली. तरी जखम वर सरकतच होती.

मग डॉक्टर म्हणाले, "आणखी पंधरा दिवस बघू. नाही भरली तर पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल."

जाईबाईने पट्टीवर पदर ओढून घेतला. मग म्हणाली, "अन् पोरांच्या डब्यांचं?"

किसन बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या आठवड्यात मलमपट्टीला गेलो. शालनबाई म्हणून तिथे सिस्टर होत्या. हात हलका, जीभ तिखट. त्या जखमेतलं मेलेलं मांस कापत होत्या आणि ते बघवेना म्हणून जाईबाई बाकावर अंग पिळून तोंड फिरवत होती. तेवढ्यात कनवट सुटली आणि मी खाली पडले. गोल घडवलेली, सरळ घरंगळत गेले ती शालनबाईंच्या पांढऱ्या बुटाला जाऊन थडकले. मुद्दाम पडले की चुकून, हे विचारू नका. चौदा वर्षांत मी एकदाही पडले नव्हते, एवढं सांगते.

शालनबाईंनी मला उचललं. झाकण फिरवलं. 'टप्'. आतला वास आला आणि त्यांचे डोळे क्षणभर आपोआप मिटले. मी लगेच ओळखलं. असे डोळे मिटणारी माणसं आमच्यातलीच.

"जाईबाई, हे काय?"

"दात घासायची डबी."

"पाच वेळा घासता म्हणालात, ते ह्यानंच?"

"मग आनि कशानं?"

शालनबाईंना हसू आलं. मग त्यांनी जाईबाईच्या पायाकडे पाहिलं आणि ते हसू गेलं. मला मुठीत धरून त्या तडक डॉक्टरांपुढे गेल्या.

"ही मिश्री आहे साहेब. भाजलेली तंबाखू. आणि चांगली कडक आहे."

"कडक आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

शालनबाई कानापर्यंत लाल झाल्या. मग त्यांनी खिशातून कागदाची एक लहानशी पुडी काढून माझ्याशेजारी टेबलावर ठेवली. डॉक्टर आधी पुडीकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. उठले, टॉर्च घेतला आणि जाईबाईला म्हणाले, "आ करा." बोटाने हिरडी नुसती दाबली तर दातांच्या कडेने पू वर आला.

"तीन महिने मी पायच बघत बसलो," ते स्वतःशीच म्हणाले. एवढं कबूल करणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. अर्थात मी डॉक्टरच कितीसे पाहिलेत?

गुरुवारी पुण्याहून दातांच्या डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी सगळं तोंड तपासलं, हातपाय गाळून बसलेल्या जाईबाईला धीर दिला आणि किसनला समोर बसवलं.

"हिरड्यांत पू आहे. तिथलंच रक्त अंगभर फिरतं. अंगात कुठेही असा पू मुरला की साखर खाली यायला तयार होत नाही. आणि साखर चढलेली राहिली की हिरड्या आणखी सडतात."

किसनने थोडा विचार केला. "म्हंजे दोन पुल्या अन् एक पट्टा. ही तिला फिरवती, ती हिला."

"अगदी बरोबर! आता आधी कोण फिरली ते शोधत बसू नका, पट्टा उतरवा. म्हणजे हिरड्या खाणारी मिश्री बंद करा आणि सडलेले दात काढू. दात काढले की पाय लगेच भरेल असं मी म्हणत नाही. इंजेक्शन, पथ्य, मलमपट्टी सगळं चालू राहील. पण तोंड असंच राहिलं तर त्या सगळ्यावर पाणी."

"पट्टा उतरवायचा म्हंजे..." किसन म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. "डबी मीच केलेली हाय, डाक्टरीणबाई."

"डबीचा काय दोष?" त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं, पण फार वेळ नाही.

दोन-तीन खेपांत मिळून नऊ दात काढले; तोवर डॉक्टरांनी पायाची मुदत पुढे ढकलली. उरलेले खरवडून साफ केले. मिश्री बंद, दिवसातून चार वेळा कोमट पाण्यात मीठ घालून चुळा. जाईबाईला खाटेवर पाय वर ठेवून बसायची सक्ती झाली आणि खाणावळ अकरा पोरांनी चालवली. खंडूने थापलेल्या भाकरीला चार कोपरे असायचे. जाईबाई खाटेवरून ओरडायची. मिश्रीविना तिचं डोकं भणभणत होतं, आणि सगळा राग त्या कोपऱ्यांवर निघत होता. मिशीवाले बाप्ये मान खाली घालून शिव्या खायचे आणि भाकरीही खायचे.

मी फळीवर होते. पाचव्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना ती भिंतीला धरून, एका पायावर उड्या मारत माझ्यापर्यंत आली. 'टप्'. बोट आत गेलं. मला ओरडावंसं वाटलं, पण माझं तोंड तिच्याच हातात होतं. तिने लावली. डोळे मिटले. मग डोळे उघडून पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं आणि तिथेच जमिनीवर बसून रडली.

संध्याकाळी किसन आला तसं तिनेच सांगितलं. "आज लावली मी."

मला उचलून त्याने खिशात टाकलं.

"भंगारात टाकू नगा," ती मागून म्हणाली. "तुमी सवताच्या हातानं दिलेली तेवढी एकच वस्तू हाय माज्याकडं."

रात्रभर मी त्याच्या खाकी शर्टाच्या खिशात खुंटीला लटकत होते. सकाळी त्याच कारखान्यात, त्याच शेडमध्ये गेले. मालोजीभाऊंचे केस पिकले होते.

"चौदा वर्सांनी दुरुस्तीला आली व्हय?"

"डबी चांगली हाय, मालोजीभाऊ. दुरुस्ती आमची चाललीया."

त्याने मला उलटं करून मिश्री कचऱ्यात झटकली, रॉकेलने धुतलं आणि साबणाने परत धुतलं. मग झाकण ड्रिलखाली धरलं. मला वाटलं, संपलं. पण त्याने कंपासने खुणा केल्या होत्या. मधोमध एक भोक आणि भोवती सहा, सारख्या अंतरावर. शेवटी कडा घासून गुळगुळीत केल्या, तिच्या बोटाला लागू नये म्हणून. तेव्हा मला कळलं की हा माणूस मला मारत नाहीये.

घरी आल्यावर त्याने माझ्यात बारीक मीठ भरलं आणि कोमट पाण्याच्या पेल्यावर मला दोनदा झटकलं.

"आता मिश्री ठेवलीस तर कनवटीला सांडंल. अन् वास उडून जाईल. मीठच ठेव."

जाईबाईने मला हातात घेतलं. झाकण फिरवलं, तीन आटे. उघडलं. काहीच आवाज आला नाही. हवा कोंडायला जागाच उरली नव्हती.

"टप् वाजंना आता," ती म्हणाली.

"न्हाई वाजायचं."

तिने पेला तोंडाला लावला. नऊ खड्ड्यांत मीठ झोंबलं असणार, डोळ्यांतून पाणी आलं, पण चूळ पूर्ण भरली. त्यानंतर मिश्री तिने लावली नाही. मागितली पुष्कळदा, ते वेगळं.

दोन आठवड्यांनी किसनने काचेची नळी उजेडात धरली आणि धरूनच उभा राहिला. औषध विटकरी झालं नव्हतं, शेवाळी झालं होतं. डॉक्टरांनी मुदत आणखी वाढवली. महिनाभराने जखमेच्या कडांना गुलाबी मांस धरलं. करंगळी गेली ती गेलीच, पण पाय राहिला. दिवाळीच्या आधी जाईबाई चुलीपुढे परत बसली आणि खंडूच्या हातची चौकोनी भाकरी भोसरीतून कायमची हद्दपार झाली.

आज १९८१ साल चालू आहे. मी मोरीजवळच्या फळीवर, आरशाखाली राहते. पौर्णिमेला जाईबाई मला अजून विहारात नेते. बायका सवयीने हात पुढे करतात आणि ती त्यांच्या तळव्यावर मीठ झटकते. कुणी चिडतात, कुणी हसतात. दोघीजणी मात्र मागे रेंगाळून आपली हिरडी हळूच तिला दाखवतात. शालनबाई घरी भेटायला येतात तेव्हा सांगतात, "सोडली बरं का मी," आणि त्यांच्या खिशात कागद कुरकुरतो. जाईबाई ऐकून न ऐकल्यासारखं करते. कानगोष्ट म्हणून सांगते, शालनबाईंनी आतापर्यंत चार वेळा सोडलीय.

तुम्हाला एवढीच विनंती. उद्या सकाळी आरशापुढे ओठ वर करून एकदा बघा. चुळीत रक्त दिसलं तर उन्हाळ्याला, वयाला आणि मोरीला दोष देऊ नका. पाय दुखतो म्हणून दवाखान्यात गेलात, तरी तोंडही उघडा. आणि डॉक्टरांनी विचारलं की दात घासता का, तर कशाने घासता तेही सांगा. तुमच्या कनवटीची डबी ऐनवेळी पडेलच, असा भरवसा धरू नका.

संध्याकाळच्या भाकरी झाल्या की जाईबाई फळीशी येते. मला हातात घेते, तीन आटे फिरवते, मीठ भरायला झाकण उघडते. आवाज येत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती उरलेल्या दातांमागे जीभ टेकवून स्वतःच म्हणते, "टप्!"

आणि आत खाटेवर बसलेला, कधीच फारसा न बोलणारा किसन दर संध्याकाळी नव्याने हसतो.